शेतात दिसणारे विमान नेमके कुठे असते? उपग्रह प्रतिमेतून विमाने आणि विमानतळ ओळखण्याविषयी

पुण्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑनलाइन नकाशाच्या उपग्रह दृश्यात वाघोलीच्या पुढे, केसनंद-वाडेबोल्हाईच्या बाजूच्या शेतांत, एक अख्खे प्रवासी विमान स्पष्ट दिसते. जवळपास धावपट्टी नाही, शेते नांगरलेली आहेत आणि विमानाच्या कडेला लाल, हिरव्या आणि निळ्या छटा सांडल्यासारख्या दिसतात. हे विमान तिथे उतरले आहे, कोसळले आहे, की प्रतिमेत कुणी मागाहून घातले आहे? त्याला जोडूनच त्याने विचारले आहे की अशा प्रतिमांतून विमानतळ आणि विमानांचे प्रकार खात्रीने ओळखण्याची काही पद्धत आहे का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ते विमान शेतात नाही, शेताच्या वर हवेत आहे आणि बहुधा पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीकडे उतरत आहे. मात्र हे उत्तर नुसते मान्य करण्यापेक्षा ते स्वतः तपासून पाहता येणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण तपासण्याची तीच रीत पुढे विमानतळ आणि विमानांचे प्रकार ओळखायलाही उपयोगी पडते. दूरसंवेदनाच्या, म्हणजे उपग्रहासारख्या दुरून घेतलेल्या, प्रतिमा वाचण्याच्या कामात मला सातत्याने दिसलेली गोष्ट अशी की नवखा माणूस आधी आकाराकडे पाहतो, आणि आकारच सर्वांत जास्त फसवतो. आधी प्रतिमा कधी आणि कोणत्या कोनातून घेतली गेली ते पाहावे, मग सावली, मग भोवतालची जमीन, आणि सर्वांत शेवटी आकार.

लोहगावची मुख्य धावपट्टी १०/२८ या क्रमांकाची आहे; टोकाच्या क्रमांकापुढे शून्य लावले की त्या टोकाकडे उतरणाऱ्या विमानाची दिशा साधारण अंशांत मिळते. पूर्वेकडून येणारे विमान २८ या टोकाकडे उतरते, म्हणजे त्याचे नाक साधारण २८० अंशांच्या दिशेला, पश्चिमेकडे पण किंचित वायव्येला झुकलेले असते. नकाशावर धावपट्टीची मध्यरेषा पूर्वेकडे वाढवत नेली तर ती वाघोली परिसरावरून पुढच्या शेतांकडे जाते. तुमचे विमान या वाढवलेल्या रेषेच्या आसपास असेल आणि त्याचे नाक धावपट्टीकडे असेल, तर निम्मे काम झाले. आता उंची. प्रवासी विमाने उतरताना साधारण ३ अंशांच्या उताराने येतात, म्हणजे धावपट्टीपासून दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर उंची धरावी. विमान धावपट्टीच्या टोकापासून १० किलोमीटरवर असेल तर ते जमिनीपासून सुमारे ५२० मीटर उंचीवर असणार. इतक्या उंचीवरच्या विमानाची सावली त्याच्या पोटाखाली पडणे शक्यच नाही; ती कुठेतरी दूर, एखाद्या वेगळ्याच शेतात पडलेली असते.

ही सावली शोधण्यासाठी सूर्य कुठे होता हे माहीत हवे आणि ते अंदाजाने काढता येते. भूनिरीक्षणाचे बहुतेक प्रकाशीय उपग्रह सूर्य-समकालिक कक्षेत, म्हणजे दर वेळी साधारण त्याच सौरवेळेला वरून जातील अशा कक्षेत, फिरतात आणि विषुववृत्त स्थानिक सौरवेळेनुसार (सूर्याच्या स्थितीवरून ठरणाऱ्या वेळेनुसार) सकाळी साडेदहाच्या आसपास ओलांडतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि पुणे ७३.९ अंशांवर आहे. प्रत्येक अंशाला ४ मिनिटे याप्रमाणे आपली सौरवेळ घड्याळाच्या सुमारे ३४ मिनिटे मागे असते. म्हणून पुण्याच्या प्रतिमा घड्याळात बहुधा अकरा-सव्वाअकराच्या असतात. या वेळी जानेवारीत पुण्याच्या आकाशात सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो. त्या महिन्यातल्या प्रतिमेत सावलीचे अंतर जवळजवळ उंचीइतकेच येते, त्यामुळे ५२० मीटर उंचीवरच्या विमानाची सावली सुमारे ५२० मीटर अंतरावर, उत्तर-वायव्येला शोधावी. मे महिन्याच्या मध्याला सूर्य याच वेळी ६५ ते ७० अंशांपर्यंत चढलेला असतो, त्यामुळे सावली खूपच जवळ येते आणि जवळपास थेट पश्चिमेला पडते. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाची सावली मात्र बारा महिने त्याच्या चाकांपाशी चिकटलेली असते, आणि शेपटीच्या उभ्या पंखाची सावली तर अनेकदा वरून दिसणाऱ्या आकारापेक्षाही बोलकी असते.

इथे एक अडचण येते आणि बहुतेक लोक तिथेच थांबतात. सांगितलेल्या जागी सावली सापडत नाही. याचे कारण असे की उपग्रह क्वचितच अगदी डोक्यावरून पाहतो. तो १५, २०, कधी २५ अंश तिरपे पाहतो. जमिनीपासून वर असलेली प्रत्येक वस्तू अशा प्रतिमेत उपग्रहापासून दूरच्या बाजूला सरकलेली दिसते. तिरपेपणा २० अंशांचा असेल तर ५२० मीटर उंचीवरचे विमान आपल्या खऱ्या जागेपासून सुमारे १९० मीटर सरकून दिसते. सावली मात्र जमिनीवरच असल्यामुळे आपल्या खऱ्या जागी राहते. म्हणजे प्रतिमेत दिसणारे विमान आणि दिसणारी सावली यांच्यातील अंतर हे सूर्य आणि उपग्रह या दोघांच्या कोनांचा एकत्रित परिणाम असते. सरकण्याची दिशा ओळखण्याचा सोपा उपाय जवळच आहे: त्याच तारखेच्या प्रतिमेत खराडीतील उंच इमारती कोणत्या बाजूला कललेल्या दिसतात ते पाहावे. इमारतीचा माथा पायापासून ज्या दिशेला सरकलेला दिसतो, त्याच दिशेला विमानही सरकलेले असते. एवढी दुरुस्ती करून शोधले की सावली बहुतेक वेळा सापडते, आणि ती सापडली की वादाला जागा उरत नाही.

आता रंगीत छटांविषयी. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण प्रतिमेत फेरफार झाल्याचा संशय सर्वांत जास्त याच छटांमुळे येतो आणि प्रत्यक्षात त्या छटा हाच विमान खरे आणि हलते असल्याचा उत्तम पुरावा असतो. उपग्रहावरचा कॅमेरा आपल्या फोनसारखा एका क्षणात चौकोनी छायाचित्र घेत नाही. झेरॉक्सच्या यंत्रातील प्रकाशाची पट्टी कागदावरून सरकत जाते तशी त्याच्या संवेदकांची ओळ जमिनीवरून सरकत जाते आणि प्रतिमा ओळीओळीने तयार होते. शिवाय निळ्या, हिरव्या, लाल आणि कृष्णधवल प्रकाशासाठी संवेदकांच्या वेगवेगळ्या ओळी असतात आणि त्या एकाच जागेवरून सेकंदाच्या लहानशा भागाच्या अंतराने जातात. घर, झाड, बांध स्थिर असल्यामुळे हे सगळे थर एकमेकांवर तंतोतंत बसतात. पण उतरत असलेले विमान सेकंदाला साधारण ७० मीटर वेगाने जात असते, म्हणजे दशांश सेकंदात ते ७ मीटर पुढे सरकते. त्यामुळे त्याचा निळा ठसा एका जागी, हिरवा थोडा पुढे आणि लाल आणखी पुढे उमटतो. व्यापारी उपग्रहांच्या प्रतिमांत तपशील कृष्णधवल थरातून आणि रंग जाडसर रंगीत थरांतून घेतलेला असतो. वर्ल्डव्ह्यू-३ या उपग्रहाच्या कृष्णधवल थरातील एक पिक्सेल जमिनीवर सुमारे ३१ सेंटिमीटरचा, तर रंगीत थरातील सुमारे सव्वा मीटरचा असतो. म्हणून हलणारे विमान एका स्पष्ट, करड्या आकृतीच्या रूपात आणि तिच्या शेजारी दोन-तीन अस्पष्ट रंगीत ठशांच्या रूपात दिसते. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाला अशी किनार नसते. महामार्गावरच्या धावत्या ट्रकलाही अशीच पण अरुंद किनार दिसते. नगर रस्त्यावरची वाहने मोठी करून पाहिल्यास याची खात्री पटेल. रंगांच्या क्रमावरून विमान कोणत्या दिशेला जात आहे हे सांगण्याचा मोह टाळावा, कारण तो क्रम त्या त्या उपग्रहाच्या रचनेवर अवलंबून असतो. दिशा नाकावरून आणि पंखांच्या मागे झुकलेल्या कोनावरूनच ठरवावी.

मोफत मिळणाऱ्या, सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमांत हाच परिणाम अधिक ठळक दिसतो. तिथे एक पिक्सेल १० मीटरचा असल्याने विमानाचा आकार जवळजवळ हरवतो, पण निळ्या आणि लाल थरांमध्ये सुमारे एका सेकंदाचे अंतर असल्याने उंचावरून जाणारे जेट विमान निळा, हिरवा आणि लाल असे तीन वेगळे ठिपके सोडून जाते. हे अंतर मोजून विमानाचा वेग काढता येईल असे वाटते, आणि अनेक जण तसा काढतातही, परंतु ते पूर्ण बरोबर नाही. त्या एका सेकंदात उपग्रह स्वतः जमिनीच्या मानाने सात किलोमीटर सरकलेला असतो आणि पाहण्याचा कोन बदललेला असतो, त्यामुळे १० किलोमीटर उंचीवरच्या विमानाच्या ठिपक्यांत सुमारे ९० मीटरचे सरकणे केवळ दृष्टिकोनबदलामुळे येते. विमान प्रत्यक्षात अडीचशे मीटर गेले असेल तर ही चूक दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

छटांचा अर्थ न समजल्याने किती मोठे गैरसमज होतात याचे एक उदाहरण द्यायला हवे. ८ मार्च २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच३७० हे विमान बेपत्ता झाले, तेव्हा जगभरातील लोकांनी घरबसल्या उपग्रह प्रतिमा चाळल्या. त्यांची तळमळ खरी होती आणि तिचा मी आदर करतो. पण त्यानंतरही वर्षानुवर्षे, २०१८ मध्ये कंबोडियाच्या जंगलाबाबत झाला तसा, झाडीत अख्खे विमान सापडल्याचा दावा अधूनमधून होत राहिला. उंच झाडीत कोसळलेले विमान अखंड, पंख पसरून, पांढरे स्वच्छ दिसत नाही. तिथे झाडी मोडलेली असते, जळाल्याचे डाग असतात, अवशेष एका रेषेत विखुरलेले असतात. जंगलावर निर्दोष आकाराचे विमान दिसत असेल तर ते जंगलावरून उडत जाणारे विमान आहे हाच पहिला निष्कर्ष असला पाहिजे.

तलावाच्या तळाशी विमान दिसल्याच्या बातम्याही अशाच असतात. नकाशासेवा ढगमुक्त चित्र मिळवण्यासाठी अनेक तारखांच्या प्रतिमा एकमेकींत मिसळतात आणि त्या मिश्रणात एका तारखेला उडत असलेल्या विमानाची फिकट, अर्धपारदर्शक आकृती पाण्यावर शिल्लक राहते. दोन प्रतिमांच्या जोडावर अर्धेच विमान दिसणे किंवा एकच विमान दोनदा दिसणे हेही याच कारणाने घडते.

म्हणून तारीख. गुगल अर्थमध्ये जुन्या प्रतिमांची सोय २००९ पासून आहे आणि माझ्या मते या कामासाठी त्याहून मोलाचे दुसरे साधन नाही. तुमच्या शेतातल्या विमानाच्या जागी मागची आणि पुढची तारीख उघडून पाहा. विमान फक्त एकाच तारखेला असेल आणि जमिनीवर त्याच्या येण्याजाण्याची कोणतीही खूण नसेल, तर ते हवेतच होते. याउलट एखादे विमान वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच कोनात दिसत असेल तर ते टाकून दिलेले, प्रदर्शनात ठेवलेले किंवा प्रशिक्षणासाठी उभे केलेले असते. नागपूर विमानतळावर एक जुने बोइंग ७२० विमान दोन दशकांहून अधिक काळ पडून होते आणि २०१५ मध्ये ते धावपट्टीजवळून हलवण्यात आले. अशी विमाने जुन्या प्रतिमांच्या मालिकेत पाहणे हा उत्तम सराव आहे. एक सावधगिरी मात्र हवी: पडद्याच्या तळाशी दिसणारी तारीख कर्सर किंवा मध्यबिंदू ज्या तुकड्यावर आहे त्याचीच असते, शेजारचा तुकडा वेगळ्या वर्षाचा असू शकतो.

विमानतळ ओळखणे हे विमान ओळखण्यापेक्षा सोपे आहे, कारण धावपट्टी जगभर एकाच नियमावलीने आखली जाते. लांबलचक सरळ पट्टा दिसला की तो विमानतळ समजणे चूक ठरते. कालवे, धरणांच्या भिंती, वाहन चाचणीचे मार्ग, महामार्गांचे सरळ तुकडे हे सगळे दुरून तसेच दिसतात. राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गाचा एक तुकडा २०२१ पासून आणीबाणीतील विमानांसाठी धावपट्टी म्हणून सज्ज आहे, म्हणजे कधी कधी रस्ता हाच धावपट्टी असतो. फरक टोकांकडे पाहून कळतो. रस्ता पुढे कुठेतरी जातो, धावपट्टी संपते. तिच्या टोकाला विमान वळवण्यासाठी रुंद जागा असते, उंबरठ्यावर, म्हणजे धावपट्टी जिथे सुरू होते तिथे, लांब पांढऱ्या पट्ट्या शेजारी शेजारी आखलेल्या असतात आणि त्यांच्यापुढे क्रमांक लिहिलेला असतो. या पट्ट्यांची संख्या धावपट्टीच्या रुंदीवरून ठरते: २३ मीटर रुंदीला ६, ३० मीटरला ८, ४५ मीटरला १२ आणि ६० मीटरला १६. प्रतिमा स्पष्ट असेल तर पट्ट्या मोजूनच रुंदी सांगता येते, मोजपट्टीचे साधन वापरण्याचीही गरज पडत नाही. धावपट्टीवर मोठी पांढरी फुली दिसली तर ती बंद आहे असे समजावे.

क्रमांक म्हणजे धावपट्टीच्या चुंबकीय दिशेचे अंश, दहाच्या जवळच्या पटीत घेऊन, शेवटचे शून्य सोडून. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांतला फरक नगण्य असल्याने नकाशावर मोजलेली दिशा आणि क्रमांक सरळ जुळतात. कॅनडासारख्या देशात असे करता येणार नाही. आपल्या राज्याचे क्रमांक एकत्र पाहिले की एक सुंदर गोष्ट लक्षात येते. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७, जुहू ०८/२६, नवी मुंबई ०८/२६, शिर्डी ०९/२७, छत्रपती संभाजीनगर ०९/२७, जळगाव ०९/२७, कोल्हापूर ०७/२५ आणि पुणे १०/२८. जवळपास सगळ्या पूर्व-पश्चिम. विमाने वाऱ्याला तोंड देऊन उडतात आणि उतरतात, आणि आपल्याकडे नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर पश्चिमेकडून असतो, म्हणून धावपट्ट्याही त्याच दिशेने आखल्या गेल्या. त्यामुळे महाराष्ट्रात एखाद्या अनोळखी माळावर उत्तर-दक्षिण सरळ पट्टा दिसला तर ती धावपट्टी असल्याचे मानण्यापूर्वी मी दोनदा पाहतो. नागपूरची १४/३२ हा ठळक अपवाद आहे.

धावपट्टीवरचे काळे डागही वाचण्यासारखे असतात. उतरताना चाके टेकतात तिथे टायरचे रबर साचते आणि उंबरठ्यापासून साधारण तीनशे-चारशे मीटर पुढे गडद पट्टा तयार होतो; ज्या टोकाला तो अधिक दाट, त्या टोकाकडून विमाने जास्त उतरतात. हे रबर वेळोवेळी धुऊन काढतात, म्हणून डाग नसणे हा कशाचाच पुरावा नाही. डागच नाहीत, टॅक्सीवेच्या (धावपट्टीला जोडणाऱ्या मार्गाच्या) सांध्यांतून गवत उगवले आहे, एप्रनवर (विमाने उभी करण्याच्या फरसबंद जागेवर) विमानांऐवजी गाड्या उभ्या आहेत आणि तीन-चार वर्षांच्या प्रतिमांत काहीच हललेले नाही, असे सगळे एकत्र दिसले तर मात्र ती धावपट्टी वापरात नाही असे म्हणता येते.

भोवतालच्या जमिनीकडे पाहण्याचा आग्रह मी का धरतो हे जुहूच्या उदाहरणावरून कळेल. जुहूची छोटी धावपट्टी आणि सांताक्रूझची, म्हणजे मुंबईच्या मुख्य विमानतळाची, मोठी मुख्य धावपट्टी यांत जेमतेम काही किलोमीटरचे अंतर आहे आणि दोन्हींची दिशा जवळजवळ सारखी. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान सांताक्रूझऐवजी जुहूला उतरले आणि धावपट्टी अपुरी पडल्याने पुढे निघून गेले. प्रत्यक्ष विमानातून पाहणाऱ्या अनुभवी वैमानिकांची जिथे गल्लत झाली, तिथे पडद्यावर पाहणाऱ्याने नुसत्या दिशेवर आणि आकारावर विसंबू नये. लांबी मोजावी, समुद्रकिनारा किती जवळ आहे ते पाहावे, टर्मिनल आणि एप्रनचा आकार पाहावा. जुहूच्या एप्रनवर हेलिकॉप्टरांची वर्तुळे दिसतात, तेवढ्याने प्रश्न सुटतो.

कोकणातील सडे, म्हणजे जांभ्याची सपाट पठारे, हा वेगळा विषय आहे. सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. तो जांभा दगडाच्या सपाट सड्यावर आहे. उन्हाळ्यातल्या प्रतिमेत सगळा सडा तपकिरी-काळसर दिसतो आणि आसपासच्या चिरेखाणींचे काटकोनी खड्डे एखाद्या बांधकामासारखे भासतात. त्याच जागेची पावसाळ्यानंतरची प्रतिमा उघडली की गवत हिरवे होते, डांबर काळेच राहते आणि धावपट्टी क्षणात वेगळी उठून दिसते. नवी मुंबईची प्रतिमामालिका तर प्रत्येक भूगोलाच्या विद्यार्थ्याने पाहावी: उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दलदलीत भराव पडला आणि त्यावर ३,७०० मीटरची धावपट्टी उभी राहिली. त्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि उड्डाणे त्याच डिसेंबरात सुरू झाली, पण धावपट्टीची रेषा प्रतिमांत त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखू येते.

आता विमानांचे प्रकार. इथे मी मुद्दाम सावध बोलतो, कारण ऑनलाइन प्रतिमांवरून जितक्या ठामपणे प्रकार सांगितले जातात तितका ठामपणा त्या प्रतिमांत नसतो. सर्वांत भरवशाची दोन मापे म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी आणि पंखविस्तार, आणि त्याहूनही भरवशाचे त्यांचे गुणोत्तर, कारण प्रतिमेच्या मोजमापात काही टक्क्यांची चूक असली तरी ती दोन्हींवर साधारण सारखीच येते. एअरबस ए३२० सुमारे ३७.६ मीटर लांब आणि टोकाशी वळलेल्या पंखांसह ३५.८ मीटर रुंद आहे. बोइंग ७३७-८०० सुमारे ३९.५ मीटर लांब आणि ए३२० इतकेच रुंद. म्हणजे पंखविस्तारावरून ही दोन विमाने वेगळी करताच येत नाहीत आणि लांबीतला फरक दोन मीटरचा, म्हणजे अर्ध्या मीटरच्या प्रतिमेत चार पिक्सेलांचा असतो. पांढरा रंग भर उन्हात चकाकून कडा फुगवतो, त्यात दोन पिक्सेल सहज जातात. पुण्याच्या एप्रनवर ही दोन्ही कुळे उभी असतात. तिथे विमान कंपनीचे रंग ओळखून, त्या कंपनीकडे कोणती विमाने आहेत हे पाहून ठरवणे अधिक प्रामाणिक आहे. ए३२१ मात्र ४४.५ मीटर लांब आणि पंखविस्तार ए३२० एवढाच, त्यामुळे तो सडपातळ दिसतो आणि लगेच कळतो.

मोठ्या विमानांत गुणोत्तर फार उपयोगी पडते. बोइंग ७८७-८ हे ५६.७ मीटर लांब आणि ६०.१ मीटर रुंद, म्हणजे लांबीपेक्षा पंखच मोठे. ७७७-३००ईआर ७३.९ मीटर लांब आणि ६४.८ मीटर रुंद. ए३८० चे पंख जवळजवळ ८० मीटर पसरलेले आणि इंजिने चार, त्यामुळे तो चुकण्याची शक्यता नाही. एटीआर ७२ ची लांबी आणि पंखविस्तार दोन्ही सुमारे २७ मीटर, पंख सरळ, मागे न झुकलेले, आणि शेपटीचा आडवा भाग उभ्या पंखाच्या माथ्यावर बसवलेला. त्याची सावली पडलेली असेल तर इंग्रजी टी अक्षर स्पष्ट दिसते. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरसारख्या जागी दिसणाऱ्या ग्लायडरचा पंखविस्तार लांबीच्या दुप्पट असतो, शरीर काडीसारखे असते आणि पांढऱ्या चकाकीमुळे नुसती एक आडवी रेघच दिसते. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्याही घाईत पाहणाऱ्याला पंख पसरलेल्या विमानासारख्या भासतात. तिथे खांबाची लांब सावली शोधावी.

साधनांविषयी थोडेसे. इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ २००९ पासून आहे आणि भारतातील जमिनीसाठी ते जरूर पाहावे. एस्री या नकाशा-सॉफ्टवेअर कंपनीच्या वेबॅक या सेवेत २०१४ पासूनच्या जागतिक नकाशाच्या आवृत्त्या एकामागोमाग पाहता येतात. कोपर्निकस ब्राउझर या युरोपीय संकेतस्थळावर सेंटिनेलच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात. जून ते सप्टेंबर पुण्यावर ढग असल्याने प्रकाशीय प्रतिमा फारशा उपयोगी नसतात. त्या काळात सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमा पाहाव्यात, कारण रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि गुळगुळीत धावपट्टी त्या लहरी दुसरीकडे परावर्तित करते, म्हणून ती काळी रेघ होऊन दिसते. पाणीही तसेच काळे दिसते, एवढे लक्षात ठेवावे.

लोहगाव हे भारतीय हवाई दलाचे केंद्र आहे आणि नागरी टर्मिनल त्याच्या आवारात आहे. तिथल्या लढाऊ विमानांची मोजणी करणे, आसऱ्यांच्या जागा खुणावून इतरांना पाठवणे, असले काही विद्यार्थ्यांनी करू नये, आणि मी कुणालाही ते शिकवत नाही. सरावासाठी शिर्डी, जळगाव, नवी मुंबई असे नागरी विमानतळ भरपूर आहेत. त्याचप्रमाणे एखादी आकृती खरोखर अपघातासारखी वाटली तर चित्र समाजमाध्यमांवर टाकण्याआधी वर सांगितलेल्या कसोट्या लावाव्यात. नकाशातील प्रतिमा बहुधा महिने-वर्षे जुनी असते, आणि त्या गावातल्या लोकांना विनाकारण घाबरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तुमच्या विमानाबाबत शेवटची तपासणी सुचवतो. नकाशासेवेतील प्रतिमेची तारीख मिळते पण वेळ मिळत नाही, त्यामुळे ते नेमके कोणते उड्डाण होते हे त्यातून ठरणार नाही. सेंटिनेल-२ च्या प्रत्येक प्रतिमेसोबत मात्र सेकंदापर्यंतची वेळ दिलेली असते. कोपर्निकस ब्राउझरवर नोव्हेंबर ते एप्रिलमधील एखादी ताजी, ढगविरहित प्रतिमा निवडा, पुणे आणि मुंबईच्या दरम्यानच्या आकाशात तीन रंगांचे ठिपके शोधा, प्रतिमेची जागतिक प्रमाणवेळ लिहून घ्या आणि फ्लाइटरडार२४ सारख्या, उड्डाणांचा माग दाखवणाऱ्या सेवेत त्या दिवशी त्या मिनिटाला तिथून कोणते विमान जात होते ते पाहा. अशा सेवांत जुनी नोंद विनामूल्य फार दिवस उपलब्ध राहत नाही, म्हणून प्रतिमा मागच्या आठवड्याभरातली असावी. भारतीय वेळ काढण्यासाठी साडेपाच तास मिळवायचे, आणि ठिपका नकाशात दिसतो त्यापेक्षा विमानाची खरी जागा काही शे मीटर किंवा त्याहूनही जास्त इकडेतिकडे असणार हे गृहीत धरायचे.